ग्लुटेन नुकतंच सोडताय? मग आधी हे बघा

सीलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराला इजा होणाऱ्या आजाराची, तपासणी झाली नसेल तर गहू आजच बंद करू नका. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी ग्लुटेन खात असतानाच खरी ठरते. सोडल्यावर अँटीबॉडी उतरतात आणि रिपोर्ट फसवा निगेटिव्ह येऊ शकतो.

निदान झालं असेल तर गहू, बार्ली, राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) पूर्ण बंद. हे तिघं सहज लक्षात राहतात, फसवतात ते लपलेले: सोया सॉस, माल्ट (मोड आणलेली बार्ली), तयार सूप घट्ट करणारं पीठ. 'व्हीट-फ्री' म्हणजे ग्लुटेन-फ्री नव्हे, त्यात बार्ली असू शकते. ओट्स घ्यायचे तर ग्लुटेन-फ्री छापलेलेच. साध्या ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू मिसळतो. 'ग्लुटेन-फ्री' लेबलची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लुटेन आहे, म्हणजे चिमूटभर पीठसुद्धा जास्तच.

म्हणून टोस्टर, लाकडी पोळपाट आणि पिठाची चाळणी वेगळी ठेवा. चाळणीच्या जाळीतलं पीठ धुऊनही निघत नाही. तळणीचं तेलही वेगळं हवं. उकळत्या तेलात ग्लुटेन नष्ट होतं हा निव्वळ गैरसमज.

ग्लुटेन-फ्री पीठ मळताना तुटतं, कारण धरून ठेवणारं ग्लुटेनच नसतं. कपभर पिठाला 1 ते 2 चमचे इसबगोल घाला, पाणी नेहमीपेक्षा जास्त, आणि 20 मिनिटं झाकून ठेवा. घाईत लाटलं की कडा फाटणारच.

विकतची ग्लुटेन-फ्री बिस्किटं बहुधा स्टार्च आणि साखर असतात, त्यावर पोट भरू नका. लोह, बी-12, फोलेट, ड जीवनसत्त्व डॉक्टरांकडून तपासून घ्या. सुरुवातीला दूध पचलं नाही तरी घाबरू नका, आतड्याचं अस्तर भरून आलं की बहुतेकांना पुन्हा चालतं.