गाडीनं गड म्हणजे पाप

"मॅडम, एवढ्याशा बोटासाठी समुपदेशक लागतो का?" बसता बसताच काकांनी विचारलं. वय 61, निवृत्त. सूनबाई बळेच घेऊन आल्या होत्या. घरात रोज भांड्याला भांडं लागत होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

रात्री दिवा न लावता उठले आणि पायाची करंगळी पलंगावर आपटली. फ्रॅक्चर. डॉक्टरांनी ती शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधली, टणक तळाचे बूट घालायला सांगितले आणि सहा आठवडे चढउतार बंद. काका दर रविवारी पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड चढणारे. तिसऱ्या आठवड्यात दुखायचं थांबलं, तसे निघाले. चढताना काही झालं नाही. उतरताना मात्र पाऊल बुटात पुढे सरकतं, भार बोटांवर येतो. संध्याकाळी करंगळी टम्म. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

"बसून राहिलो तर गंज चढेल." हे पालुपद माझ्याकडे येणारे निम्मे साठीपुढचे लोक म्हणतात, आणि ते अगदी खोटंही नाही. म्हणून मी वाद घातला नाही. रविवारी काय चुकल्यासारखं वाटतं, एवढंच विचारलं. काका दहा मिनिटं बोलले. पहाटेचा चहा, लिंबू सरबत, मडक्यातलं दही, पैसे द्यायची वेळ आली की कोण बुटाची नाडी बांधायला वाकतो. चढणीबद्दल चकार शब्द नाही. मी तसं म्हटलं, तर चिडले.

"मग गाडीनं जा वर. रस्ता आहे की."

"गाडीनं गड? पाप आहे ते!"

दोन भेटी यातच गेल्या. तोवर रक्तातली साखर तपासून घेतली, कारण मधुमेहात पायाची दुखापत अनेकदा कळतही नाही आणि लवकर भरतही नाही. ती ठीक निघाली. डॉक्टरांना विचारून खुर्चीत बसून दंड-खांद्यांचे व्यायाम सुरू झाले. शिवाय एक वही: रोज सकाळी बूट चढवताना करंगळीला रुततंय का, एवढंच लिहायचं. दुखणं आधी जातं, सूज रेंगाळते. काका फसत होते ते इथेच.

शेवटी गेले गाडीनं. "या पर्यटक!" म्हणून मंडळींनी स्वागत केलं. मला सांगताना चेहरा रागीट, पण दही दोन मडकी खाल्लं होतं.

वहीत सलग दोन आठवडे 'नाही' आल्यावर डॉक्टरांनी चढायला परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी फोन.

"मॅडम, चढलो. उतरताना मित्राच्या गाडीनं आलो. अर्धंच पाप."