बटणाऐवजी हालचाल: मोशन कंट्रोलच्या गेमबद्दल वाचकांचे प्रश्न

आम्ही तिघं डिप्लोमाचे विद्यार्थी रापणीवर (किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी ओढायचं मोठं जाळं) गेम करतोय. मोबाइल हाच कंट्रोलर, चित्र लॅपटॉपवर. दोन खेळाडूंनी दोन टोकांचे दोर ओढायचे. मध्ये पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) फेकण्याचा आणि होडी वल्हवण्याचा भाग आहे. होडीत फक्त मोबाइल हलवत राहिलं की होडी पुढे जाते. स्क्रीनवर एकही बटण नको, असं दोघांचं म्हणणं. तिसरा म्हणतो, बटणांनी खेळायची सोय द्यायलाच हवी. कोणाचं ऐकावं? (मालवण)

हालचालीतून गेमला किती माहिती मिळते, ते आधी बघा. 'हललं की नाही' एवढंच कळत असेल, तर ते काम बटण जास्त चोख करतं. २०१० साली निन्टेंडोच्या वी या कन्सोलवर आलेल्या 'डाँकी काँग कंट्री रिटर्न्स'मध्ये लोळण घ्यायला रिमोट हलवावा लागायचा. २०१३ मध्ये तोच गेम निन्टेंडोच्या हातात धरायच्या थ्रीडीएसवर आला, लोळण बटणावर गेली आणि खेळाचं काही अडलं नाही. वीवरचाच 'स्कायवर्ड स्वॉर्ड' (२०११) याच्या पुष्कळ पुढे होता. तलवार कोणत्या दिशेने फिरवली यावर लढाई ठरायची आणि मोशनप्लस या रिमोटच्या जादा सेन्सरशिवाय तो चालतच नसे. तरी निन्टेंडोच्याच स्विच कन्सोलवरच्या २०२१ च्या आवृत्तीत तलवार उजव्या स्टिकवर देता आली, कारण दिशा स्टिकमध्येही मावते. म्हणून गेम फक्त मोशनवर ठेवायचा असेल, तर जोर, कोन, वेग आणि वेळ यांतल्या निदान दोन गोष्टी एकाच हालचालीतून वाचा आणि त्यांचा परिणाम पडद्यावर दिसू द्या.

या कसोटीवर तुमची होडी नापास होते. तो भाग काढा, नाहीतर बटणावर द्या. रापणीचा दोर मात्र उत्तम उतरतो. ओढ कधी सुरू झाली, किती जोराची होती आणि समोरच्या टोकाशी जुळली का, हे तिन्ही त्यात येतं. एक टोक भराभर आलं की जाळं तिरकं होऊन मासळी निसटू दे. दोघांनी एकमेकांकडे बघून ओढणं हाच खेळ.

आता 'एकही बटण नको' या हट्टाबद्दल. दोर ओढताना हात आधी अंगाकडे वेग घेतो, मग थांबतो. थांबताना सेन्सरला उलट्या दिशेचं तेवढंच मोठं शिखर (त्वरणाची उसळी) दिसतं, म्हणून एक ओढ दोनदा मोजली जाते. त्याहून वाईट म्हणजे दोर पुन्हा पकडायला हात पुढे नेऊन थांबवला की त्या थांबण्याचं त्वरण आणि नव्या ओढीच्या सुरुवातीचं त्वरण एकाच दिशेचं असतं, आणि बहुतेक वेळा एकमेकांत मिसळतं. नुसत्या आकड्यांवरून ते वेगळं काढता काढता महिने जातील. उपाय साधा आहे. अंगठा स्क्रीनवर टेकलेला म्हणजे मूठ बंद, उचलला म्हणजे दोर सोडला. मूठ बंद असतानाचं पहिलंच शिखर मोजा, बाकी सगळं सोडून द्या. 'वी स्पोर्ट्स'च्या बोलिंगमध्ये चेंडू सोडायला खालचं बी बटण सोडावं लागतं. टेनिसमध्ये बटण लागत नाही, कारण तिथे काही सोडायचंच नसतं. मुठीचं बटण ठेवल्याने गेम मोशनचा राहत नाही असं मुळीच नाही.

सुरुवातीला हे आकडे घेऊन बघा. गुरुत्व वजा केलेलं त्वरण ओढीच्या दिशेत ४ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर ३० मिलिसेकंद टिकलं की ओढ सुरू झाली असं धरा. शिखर संपेपर्यंतच्या त्वरणाची बेरीज करून जोर काढा आणि पुढच्या ओढीला बेरीज शून्यावर आणा. दोन टोकांच्या ओढी १२० मिलिसेकंदांच्या आत सुरू झाल्या तर पूर्ण गुण, २५० पर्यंत निम्मे. वेळ लॅपटॉपच्या घड्याळाने मोजा. दोन मोबाइलची घड्याळं जुळलेली नसतात.

पागाचंही तसंच. अंगठा उचलला की पाग सुटला, आणि त्या क्षणीच्या फिरकीच्या वेगावरून पाग किती उघडला ते ठरवा. माणसाचा अंगठा थोडा उशिरा उठतो, म्हणून उठण्याआधीच्या ६० मिलिसेकंदांतला सर्वाधिक वेग घ्या, नाहीतर चांगली फेक करूनही जाळं मिटलेलं पडेल आणि खेळाडू वैतागेल. मेन्यू, पॉज आणि नाव टाकणं साध्या स्पर्शावर ठेवा. आणि मोबाइलला मनगटाची दोरी हवीच. वीचे रिमोट हातातून सुटायला लागल्यावर निन्टेंडोला डिसेंबर २००६ मध्ये जाड दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या होत्या.

मोबाइलच्या ॲक्सेलरोमीटरवरून (त्वरण मोजणारा सेन्सर) हाताची जागा काढतोय. दोनदा इंटिग्रेशन करतो (त्वरणावरून वेग, वेगावरून जागा), गुरुत्वही वजा करतो. तरी हात स्थिर असताना पडद्यावरचा हात भिंतीपलीकडे निघून जातो. फिल्टर कोणता लावू? (देवगड)

कोणताच फिल्टर पुरणार नाही. मोबाइलचा कोन काढताना फक्त एका अंशाची चूक झाली, तर गुरुत्वाचा ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका भाग वजा व्हायचा राहतो. त्याने १ सेकंदात साडेआठ सेंटिमीटर, ३ सेकंदांत पाऊण मीटरहून जास्त आणि १० सेकंदांत साडेआठ मीटर चूक साचते. वेळ दुप्पट झाली की चूक चौपट.

म्हणूनच वीच्या रिमोटमध्ये टीव्हीजवळच्या पट्टीचे इन्फ्रारेड दिवे बघणारा कॅमेरा होता, आणि प्लेस्टेशन मूव्हला चमकता गोळा होता, जो कॅमेऱ्याला किती मोठा दिसतो त्यावरून अंतर कळे. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मीडियापाइप (चित्रातला हात ओळखणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर हाताचे २१ बिंदू मिळतात. पण ३० फ्रेमच्या कॅमेऱ्यात दर फ्रेममागे ३३ मिलिसेकंद जातात, आणि खेळाडूच्या मागे उघडं दार असेल तर उजेडात हात काळा पडून बिंदू सुटतात. तोंड उजेडाकडे करून उभं करा. दुसरी वाट म्हणजे जागा मोजायचीच नाही. कोपर एका ठिकाणी आहे असं मानायचं, कोपरापासून मुठीपर्यंत ३० सेंटिमीटर धरायचे आणि मोबाइलच्या कोनावरून मूठ कुठे असेल ते काढायचं. गूगल डेड्रीमचा २०१६ चा कंट्रोलर असाच चालायचा. पागाला किंवा तलवारीला एवढं पुरतं.

कोनातही एक खोट राहते. वर-खाली आणि कलणं गुरुत्वावरून सुधारता येतं, डावं-उजवं मात्र हळूहळू सरकतंच. अँड्रॉइडवर मोबाइलचा कोन देणारा 'गेम रोटेशन व्हेक्टर' वापरा. तो चुंबकीय सेन्सर घेत नाही, त्यामुळे लोखंडी खाटेजवळ किंवा स्पीकरजवळ उडी मारत नाही. दर फेरीच्या सुरुवातीला 'पडद्याकडे रोखून धरा' असं सांगून मध्य नव्याने ठरवा.

दशावतारातल्या लढाईवर गेम आहे. प्लॅस्टिक पाइपच्या तलवारीत ईएसपी-३२ (वाय-फाय असलेला छोटा बोर्ड) आणि एमपीयू-६०५० (हालचालीचा सेन्सर) बसवलाय. जोरात वार केला की आकडे सपाट होतात, हात मागे नेला तरी वार धरला जातो, आणि कधीकधी बोर्ड मध्येच रीसेट होतो. (कुडाळ)

तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

आकडे सपाट होतात कारण हा सेन्सर सुरू होताना सेकंदाला २५० अंश आणि २ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाएवढं त्वरण) एवढ्याच मर्यादेवर असतो, आणि मनगटाचा झटका सहज १००० अंशांवर जातो. त्या वेगाला कोपरापासून ३० सेंटिमीटरवर असलेल्या सेन्सरवर नुसत्या फिरण्यानेच ९ जीच्या वर त्वरण येतं. सेन्सर झोपलेल्या अवस्थेत सुरू होतो, म्हणून आधी रजिस्टर (सेन्सरच्या आतला सेटिंगचा कप्पा) १०७ मध्ये ० लिहा. मग २७ मध्ये २४ लिहा (२००० अंश, आकड्याला १६.४ ने भागा) आणि २८ मध्ये २४ (१६ जी, २०४८ ने भागा). रजिस्टर २६ मध्ये ३ ठेवा. त्याने सुमारे ५ मिलिसेकंद उशीर होतो. नेटवरच्या काही उदाहरणांत तिथे ६ असतो. त्याने आकडे गुळगुळीत दिसतात, पण उशीर १९ मिलिसेकंदांवर जातो आणि झटक्याचं टोकच कापलं जातं. रजिस्टर ११७ वाचून १०४ येतंय का तेही बघा. ११२ आलं तर हाती एमपीयू-६५०० आहे.

वार चालू असताना ॲक्सेलरोमीटरवरून कोन सुधारू नका. एकूण त्वरण ०.९ ते १.१ जीच्या दरम्यान असेल तेव्हाच ९८ टक्के जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) आणि २ टक्के ॲक्सेलरोमीटर असं मिश्रण करा. बाकी वेळ नुसता जायरो. सुरू करताना तलवार २ सेकंद टेबलावर ठेवून जायरोची सरासरी काढा आणि ती कायम वजा करा.

मागे नेलेला हात ही मोशनच्या गेमची सर्वात जुनी डोकेदुखी. सगळ्यांना एकच मर्यादा लावू नका. खेळाडूला आधी तीन वार करायला सांगा, त्यांच्या सर्वाधिक वेगांची सरासरी काढा आणि तिच्या ४० टक्क्यांवर वार सुरू झाला असं धरा. वेग १५ टक्क्यांखाली आल्यावरच वार संपला. संपल्यावर ३०० मिलिसेकंद उलट्या दिशेची हालचाल ऐकूच नका. तयारीची हालचाल वारापेक्षा संथ असते, त्यामुळे बहुतेक खोटे वार इथेच गळतात. उरलेले गेमच्या रचनेने घालवा: समोरचा राक्षस वार अडवत असेल तेव्हा थोडं थांबावं लागू दे, म्हणजे खेळाडू सावकाश हात मागे नेतो. घाई करायला लावणारा शत्रू मोशनच्या गेममध्ये शक्यतो नकोच.

वार ओळखायला शिखराची वाट बघत बसू नका, त्यात ८०-१०० मिलिसेकंद जातात. पहिल्या ४० मिलिसेकंदांत दिशा ठरवून पडद्यावरची तलवार हलवा. जोर मागाहून भरा.

रीसेटचं कारण बहुधा बॅटरीच्या होल्डरची स्प्रिंग. झटक्याने सेल स्प्रिंगवर दबतो, क्षणभर संपर्क सुटतो. होल्डर काढून तारा आधीच जोडलेला लिथियम सेल फोममध्ये घट्ट बसवा. सेलवर थेट सोल्डर करू नका. जंपर वायरही चालणार नाहीत. २१ आणि २२ नंबरच्या पिनांपासून सेन्सरपर्यंत छोट्या तारा सोल्डर करा. आणि ईएसपीची वाय-फाय झोप बंद करा, नाहीतर सगळं बरोबर करूनही वार अधूनमधून उशिरा पोहोचेल. एकूण उशीर मोजायचा असेल तर दुसऱ्या मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये हात आणि पडदा एकत्र टिपा. हात हलल्यापासून पडदा हलेपर्यंत २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. त्याहून जास्त असेल तर आधी टीव्हीचा गेम मोड लावा.

मोबाइलमध्ये जायरो आहे की नाही, हे गेममधूनच कसं ओळखायचं? ब्राउझरवर चालणारा गेम आहे. (वेंगुर्ले)

ब्राउझर हालचाल कळवतो त्या 'डिव्हाइसमोशन' घटनेतला फिरण्याचा वेग रिकामा आला तर जायरो नाही असं धरा. स्वस्त मोबाइलमध्ये तो बऱ्याचदा नसतो. आयफोनवर आधी खेळाडूने बटण दाबून परवानगी द्यावी लागते, आणि पान एचटीटीपीएसवर नसेल तर सेन्सर मिळतच नाही. घरच्या वाय-फायवर साध्या पत्त्यावरून उघडल्यावर गेम मुका बसतो, तो यामुळेच.

शाळेच्या सभागृहात मुलांसाठी असा गेम ठेवायचा आहे. एका मुलाच्या उजव्या हातात जोर नाही. मोशनवरच चालणारा गेम त्याला कसा खेळता येईल? (दापोली)

गेम फक्त मोशनचा असला तरी तो फक्त उजव्या हाताचा असायला नको. सेन्सर वेगळ्या छोट्या डबीत ठेवून वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधा, म्हणजे तो डाव्या मनगटावर, पायाला किंवा टोपीवर लावता येईल. डोकं झटकायला मात्र लावू नका, सावकाश कलवणं पुरेसं असावं. वर सांगितलेली तीन वारांची पद्धत इथे खरी उपयोगी पडते. त्या मुलाची पूर्ण ओढ २० अंशांची असेल, तर २० अंश म्हणजेच शंभर टक्के. मुठीच्या बटणासाठी ३.५ मिलिमीटरचा जॅक द्या. एक्सबॉक्सच्या २०१८ च्या ॲडॅप्टिव्ह कंट्रोलरला बाहेरची मोठी बटणं याच जॅकने जोडतात, त्यामुळे तशा तयार बटणांपैकी कुठलंही चालेल. त्याला बसून खेळायचं असेल तर बसू द्या, आणि गुण सगळ्यांना एकाच हिशेबाने.

हात खांद्याच्या वर ठेवायला लावणारी कुठलीही हालचाल काढून टाका. दोन मिनिटांत दंड भरून येतात. फेरी ६० ते ९० सेकंदांची पुरे. दोन मुलांमध्ये दोघांनी हात पसरल्यावर वर एक पाऊल एवढं अंतर ठेवा, जमिनीवर खडूने गोल काढा आणि छताचे पंखे खाली असतील तर मुलं उंच उडी मारणार नाहीत अशीच हालचाल निवडा.

पावसाळ्यानंतर कंट्रोलर चालेनासा झाला. पिनांवर हिरवट थर आहे. (गुहागर)

खारी दमट हवा आणि सोल्डरचा राहिलेला फ्लक्स (सोल्डर नीट बसावं म्हणून लावतात तो पदार्थ), दोन्ही मिळून तांबं खातात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासा, पूर्ण वाळू द्या, हिरव्या पडलेल्या पिना कापून तारा थेट सोल्डर करा. मग यूएसबीचं तोंड आणि जॅक चिकटपट्टीने झाकून ॲक्रिलिक कॉन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्डाला ओलाव्यापासून वाचवणारा थर) दोन पातळ हात द्या. एमपीयू-६०५० चं आवरण बंद असतं, त्यामुळे त्यावर कोटिंग चालतं. हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचं भोक मात्र बुजवू नका. एरवी कंट्रोलर सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला.