सशाच्या शिकारीला कुठल्या कॅलिबरची रायफल घ्यावी? .२२ पुरेल का, की मोठी लागेल?

.२२ एलआर (लाँग रायफल, म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाची छोटी गोळी) घ्या, पुरते काय, भरपूर होते. ससा केवढा असतो हो, दीड-दोन किलोचं जनावर, त्याला .२२३ वगैरे (जवळपास तेवढ्याच व्यासाची पण कितीतरी जास्त ताकदीची) मारलंत तर खायला काही उरणारच नाही, नुसत्या चिंध्या होतील.

.२२ एलआरची गोळी साधारण ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅम), आवाज कमी, गोळ्या स्वस्त त्यामुळे प्रॅक्टिस भरपूर करता येते, आणि खरं सांगायचं तर कॅलिबरपेक्षा नेमच महत्त्वाचा. ५०-६० मीटरपर्यंत सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ, लागल्यावर पसरणारी) गोळी वापरा, डोक्यात मारा, ससा जागीच पडतो आणि मांसही शाबूत राहतं. त्यापुढे मात्र गोळी फार खाली येते, मग अंदाजपंचे मारून जनावर जखमी करण्यात काही अर्थ नाही.

उघड्या माळावर १०० मीटरच्या पुढे मारायचं असेल तर .१७ एचएमआर (त्याहून बारीक पण वेगवान गोळीचा प्रकार) बघा. १७ ग्रेनची हलकी गोळी पण वेग सेकंदाला जवळपास ७८० मीटर, त्यामुळे सरळ जाते, फक्त वारा असला की भरकटते आणि धडात लागली तर मांस खराब करते.

एक गोष्ट लोक विसरतात, .२२ ची गोळी दगडावर किंवा कडक जमिनीवर आपटून उसळते आणि तशीही दीड किलोमीटरच्या वर जाऊ शकते, म्हणून सशाच्या मागे मातीचा बांध किंवा चढ नसेल तर चाप ओढूच नका. आणि शिकारीला परवानगी आहे का ते आधी बघा, बऱ्याच ठिकाणी पूर्ण बंदी असते.