इग्वानाला काय खायला घालावं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांतला. झाडावर राहायचं, ऊन खायचं आणि पाला खायचा, असा त्याचा जन्मभराचा दिनक्रम. आपल्याकडे शहरांत तो हौसेनं पाळला जातो, पण माझ्याकडे उपचारांना येणाऱ्या इग्वानांचं दुखणं बहुतेक वेळा खाण्यातूनच आलेलं असतं. म्हणून या वेळी आहाराचेच प्रश्न घेतले आहेत.

आमचा इग्वाना सात-आठ महिन्यांचा आहे. पालक, काकडी आणि केळं आवडीनं खातो. मांड्या छान भरल्यात, पण हल्ली चढताना घसरतो आणि पोट टेकून चालतो. आहारात काय वाढवू? (पुणे)

आधी त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. पुढच्या महिन्यात नको, या एक-दोन दिवसांतच. भरलेल्या दिसणाऱ्या मांड्या हे मांस नसावं, अशी मला दाट शंका आहे. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. मग कमजोर झालेल्या हाडाभोवती तंतुमय पेशी वाढतात आणि पाय गुबगुबीत दिसू लागतात. पुढे खालचा जबडा मऊ पडतो, बोटं थरथरतात. एक्स-रे काढला की चित्र स्पष्ट होईल. वेळेत उपचार झाले तर प्राणी सावरतो, पण एकदा वाकलेलं हाड सरळ होत नाही. तोवर त्याला हळुवार उचला, पोटाखाली पूर्ण तळहाताचा आधार द्या आणि जबडा दाबून बघू नका.

आता खाण्याकडे वळू. इग्वानाच्या अन्नात फॉस्फरसच्या साधारण दुप्पट कॅल्शियम हवं. केळ्यात नेमकं उलटं आहे, फॉस्फरसच कॅल्शियमच्या चौपट. काकडी म्हणजे जवळपास पाणीच. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते बांधून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. चाकवत, चुका, माठ आणि अळूचंही तेच. आपल्यासाठी या उत्तम भाज्या आहेत, त्याच्या रोजच्या खाण्यात मात्र नकोत.

माझी पहिली पसंती शेवग्याच्या पाल्याला. १०० ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, आणि शेंगा काढल्यावर पाला बहुधा टाकूनच दिला जातो. ओळखीतला कुणी गोठेवाला असेल तर त्याच्याकडून मूठभर लसूणघास (गुरांचा हिरवा चारा) घ्या, तीही फार चांगली. जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं आणि काटे नीट काढलेलं फड्या निवडुंगाचं कोवळं पान यांचा फेर ठेवा. कोथिंबीर आणि मेथी अधूनमधून चालेल. दहा घासांतले आठ पाल्याचे असावेत. उरलेल्या दोनांत किसलेला लाल भोपळा, दोडका, घेवडा. पपई, आंबा किंवा ताजं अंजीर फक्त चवीपुरतं. कोबी-फ्लॉवर रोज दिला तर थायरॉइडच्या कामात अडथळा येतो, तो क्वचितच द्या.

पाला कुठून तोडता तेही बघा. फवारणी झालेलं किंवा नर्सरीतून नुकतंच आणलेलं झाड नको. कण्हेर, बिट्टी आणि घाणेरी विषारी आहेत, ती त्याच्या आसपासही नकोत.

केळ्याची चटक लागलेला इग्वाना एका दिवसात शेवगा खाणार नाही. पाला अगदी बारीक चिरून भोपळ्याच्या किसात मिसळा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाल्याचं प्रमाण वाढवत न्या. तो अन्न चावत नाही, तोडून गिळतो, म्हणून पिल्लासाठी बारीक चिरणं गरजेचंच आहे.

वाढत्या वयात प्रथिनं लागतात म्हणून विक्रेत्यानं उकडलेलं अंडं, रातकिडे आणि मांजराचं कोरडं खाद्य द्यायला सांगितलं. किती द्यावं? (नाशिक)

यातलं काहीही देऊ नका. हा सल्ला जुना आहे, अजून फिरतो आहे आणि त्यानं फार नुकसान केलंय. जंगलात इग्वानाची पिल्लंसुद्धा पानंच खातात. पिल्लं मोठ्या इग्वानांची विष्ठा खातात, आणि तिच्यातून पाला आंबवणारे सूक्ष्मजीव त्यांच्या पोटात जातात. मोठ्या आतड्यात कप्पे असतात. तिथे हे जीव पानांतला चोथा फोडतात आणि त्यातून इग्वानाला ताकद मिळते. हे सगळं शरीर पाल्यासाठीच घडलंय.

मांसाहारावर तो भराभर वाढतो, आणि मालकाला वाटतं खाणं मानवलं. पण प्राणिज प्रथिनांतून तयार होणारं यूरिक अ‍ॅसिड मूत्रपिंडांना बाहेर टाकावं लागतं. वर्षानुवर्षं हा भार पडला की ती निकामी होतात, सांध्यांत आणि आतल्या अवयवांत त्याचे खडे साठतात. नीट सांभाळलेला इग्वाना १५ ते २० वर्षं जगतो. मूत्रपिंडं गेलेला ऐन उमेदीत दगावतो, आणि तोवर बाहेरून तो धडधाकटच दिसत असतो. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणूनच ते बघताना वाईट वाटतं. प्रथिनं लसूणघास आणि शेवग्यातून पुरेशी मिळतात.

चौदाव्या मजल्यावर राहतो. काचपेटी खिडकीशी ठेवतो, दिवसभर ऊन येतं. तरी पावसाळ्यात खाणं निम्म्यावर येतं. कॅल्शियम आणि डी३ जीवनसत्त्वाच्या आपल्याच गोळ्या कुटून दिल्या तर? (ठाणे)

गोळ्या नकोत. त्यांतली मात्रा माणसासाठी असते, आणि डी३ जास्त झालं तर रक्तवाहिन्यांत आणि मूत्रपिंडांत कॅल्शियम साचतं. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची पूड चिमूटभर पाल्यावर भुरभुरा. किती आणि किती वेळा, ते त्याचं वजन बघून पशुवैद्य सांगेल.

खरी अडचण काचेची आहे. उन्हातले यूव्ही-बी किरण काचेतून येत नाहीत, आणि त्यांच्यावाचून त्वचेत डी३ तयार होत नाही. सकाळच्या उन्हात जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, अर्धा तास तरी बसवा. बंद काचपेटी थेट उन्हात कधीच ठेवू नका, आत काही मिनिटांत जीवघेणी उष्णता साठते. पावसाळ्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांचा यूव्ही-बी दिवा घ्या आणि कंपनीनं सांगितलेल्या मुदतीत बदला. उजेड दिसत राहतो, किरण मात्र आधीच कमी झालेले असतात.

खाणं कमी झालंय ते बहुधा थंडाव्यामुळे. अंग तापल्याशिवाय आतड्यातलं आंबवणं चालत नाही. बसायच्या फांदीवर ३५ ते ३८ अंश सेल्सिअस मिळायला हवं, आणि दुसऱ्या टोकाला सावली. सकाळी ऊब घेऊन झाली की खायला द्या, म्हणजे पचवायला अख्खा दिवस मिळतो. संध्याकाळी उरलेलं काढून टाका.

सारखा शिंकतो आणि नाकाशी पांढरी पूड जमते. भाजी बाधली का? (कोल्हापूर)

नाही. अंगातले जादा क्षार इग्वाना नाकातल्या ग्रंथीतून बाहेर टाकतो, आणि वाळल्यावर त्यांची पूड दिसते. ओल्या कापडानं पुसा. पाला धुऊन ओलाच द्या आणि अंगावर पाणी फवारा, पानांवरचे थेंब तो चाटून पितो. चिकट शेंबूड आला किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ लागला, तर मात्र दाखवा.

आमच्याकडे शेवग्याचा पाला फ्रोझन मिळतो. रोज काय द्यावं? (एडिसन, न्यू जर्सी)

कोलार्ड, टर्निपचा पाला, डँडेलियनची पानं आणि मोहरीचा पाला आलटून पालटून. निवडुंगाची पानं मेक्सिकन दुकानात बहुधा काटे काढूनच मिळतात. फ्रोझन शेवगा अडीअडचणीला चालेल. आइसबर्ग लेट्यूस घेऊच नका.

'देशी इग्वाना' म्हणून पिल्लू विकत घेतलं. तपकिरी आहे, पाल्याला तोंड लावत नाही, जीभ सापासारखी दुभंगलेली आहे. (कल्याण)

हे घोरपडीचं पिल्लू असणार. इग्वानाची जीभ जाड आणि मांसल, पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबती कातडी आणि कानाखाली एक मोठा गोल खवला. त्याचं पिल्लू बहुधा हिरवंगार असतं. घोरपड मांसाहारी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पाळणं, विकणं, विकत घेणं हे सगळं गुन्हा आहे. परदेशी इग्वाना पाळता येतो, पण २०२४ च्या नियमांनुसार त्याचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

तुमच्याकडच्या पिल्लाला जबरदस्तीनं काही भरवू नका आणि स्वतःच रानात नेऊन सोडूही नका. हवा खेळेल अशा खोक्यात, उथळ वाटीत पाणी ठेवून, शांत जागी ठेवा. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आजच फोन करा आणि पिल्लू कुठून घेतलं तेही सांगा, म्हणजे त्या विक्रेत्याकडची बाकीची पिल्लंही वाचतील.