भावाने हक्कसोडपत्रावर सही मागितली आहे. ख्रिस्ती बहिणीने काय करावे?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: वडील मृत्युपत्र न करता गेले, इंदूरचे घर अजून त्यांच्याच नावावर आहे आणि आई त्याच घरात दादाजवळ राहते. दादाने हक्कसोडपत्र, म्हणजे घरातला आपला वाटा सोडल्याचा कागद, तयार करून आणले असून, "ख्रिस्ती माणूस हक्कासाठी भांडत नाही, तो क्षमा करतो," असे त्याचे म्हणणे आहे. तुम्ही दोघेही एकाच मंडळीत (चर्चमध्ये) असल्यामुळे, भावाशी बिनसलेले असताना येत्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घ्यावे की नाही, याचा तुम्हाला घोर लागला आहे. मीही इंदूरचीच आहे; आमच्याकडे उपासना हिंदीत होते आणि घरची प्रार्थना मराठीत. माझे मत आधीच सांगते: आज सही करू नका, आणि प्रभुभोजन टाळू नका.

कायद्याची बाजू सरळ आहे. आपल्याला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो, आणि त्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये समान वाटले जातात; म्हणजे तुमच्या घरात आई, दादा आणि तुम्ही, प्रत्येकाचा वाटा एक तृतीयांश. त्रावणकोर संस्थानाच्या जुन्या कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळत असे; मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली तिथेही १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. तेव्हा "आपल्यात मुलींना देत नाहीत" असे कोणी म्हणाले तर ती रीत असेल, कायदा नव्हे.

पण तुम्ही बायबलमधल्या वचनाविषयी विचारले आहे, आणि वचनात तुमच्या दादाच्या बाजूने दाखवता येतील अशा जागा आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात एक जण येशूला म्हणतो की, वतनाचा वाटा मला द्यायला माझ्या भावाला सांगा, आणि येशू वाटणी करण्यास नकार देऊन लोभापासून सांभाळण्याचा इशारा देतो. मात्र हा इशारा त्याने एकट्या मागणाऱ्याला दिला नाही, तिथे उभ्या असलेल्या सर्वांना दिला. वाटा मागणाऱ्याला लोभ असू शकतो, तसाच वाटा अडवून धरणाऱ्यालाही असू शकतो. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल विचारतो की, भावाविरुद्ध फिर्याद करण्यापेक्षा अन्याय का सोसत नाही. हे वाक्य बहिणींना नेहमी ऐकवले जाते, पण त्याच्या पुढचेच वाक्य, ज्यात तो अन्याय करणाऱ्या आणि भावांनाच नाडणाऱ्या लोकांना खडसावतो, ते सहसा कोणी वाचत नाही. शिवाय भावाभावांचा निवाडा करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, हा त्याचा प्रश्न मंडळीलाच आहे.

जुन्या करारातल्या गणना या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्यायही शांतपणे वाचा. सलाफहादाच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक आणि सगळे सरदार यांच्यासमोर उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात. त्यांना भाऊ नव्हता, म्हणून तुमचे प्रकरण आणि त्यांचे प्रकरण एकच आहे असे मी म्हणणार नाही; पण मागितल्याबद्दल देव त्यांना रागावत नाही, उलट त्यांचे म्हणणे रास्त आहे असे तो मोशेला सांगतो.

आता क्षमेविषयी. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड," असे आपण रोज म्हणतो. पण जे देणे आहे हेच नाकारले जाते, ते सोडणार कसे? सिस्टर राणी मारिया यांची हकीकत आपल्या भागात अनेकांना ठाऊक आहे. उदयनगरच्या आदिवासींमध्ये काम करणाऱ्या या सिस्टरचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये खून झाला. खुन्याला जन्मठेप झाली आणि तो शिक्षा भोगत असतानाच, २००२ साली, सिस्टरच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेलाही घरच्यांनी पाठिंबा दिला. या क्षमेसाठी खून झालाच नाही असे कोणी म्हटले नाही. तुमचे प्रकरण त्यामानाने फार लहान आहे, पण क्रम तोच असावा: आधी खरे काय ते मान्य व्हावे, मग सोडणे.

आमच्या मंडळीतल्या अशाच एका घरच्या बैठकीला पाळक आणि दोन वडीलधाऱ्यांबरोबर मी हजर होते. भावाने प्लास्टिकच्या फोल्डरमधून संपत्तीकराच्या पावत्या, छताच्या दुरुस्तीची बिले, वडिलांच्या डायलिसिसच्या पावत्या एकेक करून टेबलावर मांडल्या, आणि पाळकांनी त्या मोठ्याने वाचायला लावल्या. बहिणीला यातले निम्मेही माहीत नव्हते. मग वाटे कागदावर लिहिले गेले, भावाने तिचा वाटा तोंडाने कबूल केला, आणि त्यानंतर तिने आपण होऊन त्यातला बराचसा भाग त्याच्याकडे ठेवला. ते देणे होते. आधीच्या आठवड्यात तीच सही धाकाने घेतली असती तर ते हिसकावणे झाले असते. खिन्नतेने किंवा भाग पाडल्यामुळे देऊ नये, असे पौलानेच लिहून ठेवले आहे.

प्रभुभोजनाविषयी मत्तय ५ मधले वचन तुम्हाला अडवत असेल: भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले तर दान वेदीपुढे ठेवून आधी समेट करायला जा. ते तुम्हाला दादाकडे जायला सांगते, त्याच्या कागदावर सही करायला सांगत नाही. रविवारच्या आत जा किंवा निदान फोन करा. त्याने दार लावून घेतले तर तुमच्याकडून होण्यासारखे तुम्ही केले आहे. पौल माणसाने आत्मपरीक्षण करावे आणि मग भाकर खावी असे सांगतो, परीक्षण करून दूर बसावे असे नाही. आणि करिंथात तो चिडला होता तो स्वतः पोटभर खाऊन गरिबाला उपाशी ठेवणाऱ्यांवर.

भेटायला जाल तेव्हा पहिल्यांदा आईजवळ बसा. एक तृतीयांश तिचाही आहे, आणि तिच्यापुढेही सहीसाठी कागद ठेवला आहे का, हे तुमच्या पत्रातून कळत नाही. दादाने तिची सेवा केली असेल तर ते त्याच्या तोंडावर, आभार मानून बोला. मग मसुद्याची प्रत मागून घ्या, ती वकिलाला दाखवा, आणि पाळकांना बैठक बोलावायला सांगा. हक्कसोडपत्राची एकदा नोंदणी झाली की ते मागे घेणे फार अवघड असते. बैठक मात्र पुढच्या महिन्यातही होऊ शकते.