सांगलीच्या पेठेचा आराखडा हाती घेताना

आधी रंगीत चित्रं काढायला बसू नकोस. गणपती पेठेत पहाटे माल उतरताना जा, पुन्हा संध्याकाळच्या गर्दीत जा. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरात कृष्णेचं पाणी कुठवर चढलं ते दुकानदारांना विचारून नकाशावर मांड. निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे लहान आणि मोठ्या पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा, पाहिल्याशिवाय तळघरातलं पार्किंग सुचवूच नकोस. माल वर चढवायला माळा, रुंद जिना मात्र हवाच.

जुन्या भाडेकरूंची यादी मालकांकडून न घेता दारोदार फिरून कर.

आणि फेरीवाले! 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार फेरीवाल्यांचं सर्वेक्षण होईपर्यंत त्यांना हटवता येत नाही, शहराच्या फेरीवाला समितीतही किमान 40 टक्के प्रतिनिधी त्यांचेच. माझ्या मते निम्मं गिऱ्हाईक त्यांच्यामुळेच पेठेत येतं. त्यांच्या जागा आराखड्यात पहिल्यांदा आख, पार्किंग नंतर.