बटण दाबण्याआधी: रेडिओग्राफीच्या पहिल्या वर्षाचे प्रश्न

रेडिओग्राफीच्या अभ्यासक्रमाला नुकताच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची बरीच पत्रे आली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. यंत्रे वर्षादोनवर्षांत बदलतात, म्हणून ब्रँडपेक्षा हाताच्या सवयींवर भर दिला आहे.

प्रश्न : मुलीने बारावी सायन्सनंतर रेडिओग्राफीला प्रवेश घेतला. नातेवाईक म्हणतात, किरणांमुळे पुढे मूलबाळ होण्यात अडचण येईल. आम्ही काय समजावे? (पालक, लातूर)

भीती स्वाभाविक आहे, पण ती आकड्यांसमोर ठेवून पाहा. आपल्याकडे या कामावर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. काम करणाऱ्या व्यक्तीला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणमात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त ३० मिलिसीव्हर्ट, ही मर्यादा आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीला या कामावर नेमता येत नाही. १६ ते १८ वयाच्या शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी मर्यादा वर्षाला ६ मिलिसीव्हर्ट. या वरच्या टोकाच्या मर्यादा झाल्या. साध्या एक्स-रे विभागात नियमाने काम करणाऱ्या बहुतेकांचे वर्षाचे वाचन १ मिलिसीव्हर्टच्याही खाली राहते. तुलनेसाठी, माती, हवा, अन्न आणि आकाशातून जगभरातल्या माणसाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट वर्षाला मिळतातच. अंडाशय कायमचे निकामी होण्यासाठी एकाच वेळी अडीच ग्रेपेक्षा (एक्स-रेसाठी म्हणजे अडीच हजार मिलिसीव्हर्टपेक्षा) जास्त मात्रा थेट त्यांवर पडावी लागते. एक्स-रे रूममध्ये भिंतीआड उभे राहून तिच्या जवळपासही कोणी पोहोचत नाही.

सगळे अवलंबून आहे ते ‘भिंतीआड’ या शब्दावर. ट्यूबमधून निघणारा मुख्य झोत रुग्णाकडे जातो. टेक्निशियनला जे मिळते ते रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले किरण. रुग्णाच्या त्वचेवर जेवढी मात्रा पडते, तिच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढी एक मीटरवर पोहोचते. अंतर दुप्पट केले की ती चौथाईवर येते. म्हणून मुलीला पहिल्या दिवसापासून हे पक्के असू द्या: एक्स्पोजरच्या, म्हणजे किरण सोडण्याच्या, वेळी कंट्रोल पॅनेलच्या आडोशामागेच उभे राहायचे, दार बंद आहे हे बघायचे आणि पोर्टेबल मशीनवर वॉर्डात काम असेल तर लेड (शिशाचा) एप्रन घालून, बटणाची वायर पूर्ण ताणून, किमान दोन मीटर मागे सरकायचे. पुढे नोकरीत असताना दिवस राहिले तर ते विभागप्रमुखांना लगेच सांगावे. त्यानंतर गर्भाला उरलेल्या काळात १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मिळू नये असा नियम आहे आणि त्यानुसार ड्युटी बदलून घेता येते.

प्रश्न : टीएलडी (अंगावर पडलेली किरणमात्रा मोजणारा) बॅज एप्रनच्या आत लावायचा की बाहेर? आमच्या विभागात बरेच जण तो एप्रनलाच अडकवून ठेवतात. (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

आत, छातीच्या पातळीवर. शरीराला खरोखर किती मिळाले हे मोजायचे आहे, एप्रनला किती मिळाले हे नव्हे. एप्रनला अडकवलेला बॅज खुंटीवर लटकत राहतो आणि दिवसभर रूममधले विखुरलेले किरण गोळा करतो. तीन महिन्यांनी वाचन भरमसाट येते, चौकशी लागते आणि ज्याला काहीच मिळालेले नाही त्याला उत्तरे द्यावी लागतात. उलटही होते: बॅज ड्रॉवरमध्ये राहतो, माणूस काम करतो आणि वाचन शून्य. तेही तितकेच धोक्याचे.

बॅजमध्ये निकेलचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन गोल चकत्या असतात. त्यात कॅल्शियम सल्फेट असते. एकीवर धातूचा फिल्टर, दुसरीवर प्लास्टिक, तिसरी उघडी. तिघींच्या वाचनातल्या फरकावरून कोणत्या प्रकारचे किरण होते ते कळते. म्हणून पट्टी उलटी घातली किंवा होल्डर तुटलेला असला तर पूर्ण तिमाही वाया जाते. दुसऱ्याचा बॅज वापरायचा नाही, आपला द्यायचा नाही. कंट्रोल बॅज (तुलनेसाठी ठेवलेला, कोणीही न वापरायचा) एक्स-रे रूमपासून दूर, किरण पोहोचणार नाहीत अशाच जागी ठेवायचा. आणि स्वतःचा एक्स-रे काढून घ्यायला गेलात तर बॅज काढून ठेवा. रुग्ण म्हणून मिळालेली मात्रा त्यात मोजायची नसते.

प्रश्न : छातीचे एक्स-रे वारंवार रिपीट करावे लागतात. सर म्हणतात ‘पोझिशन चुकली’, पण नेमके काय चुकले ते कळत नाही. (प्रथम वर्ष विद्यार्थी, नाशिक)

छातीचा पीए व्ह्यू (झोत पाठीकडून छातीकडे) सगळ्यांत जास्त काढला जातो आणि सगळ्यांत जास्त बिघडतो. क्रमाने घ्या.

आधी कागद. नाव, वय, कोणता भाग आणि का, हे रुग्णाच्या तोंडून वदवून घ्या. ‘तुम्हीच का सुनीताबाई?’ असे विचारलेत तर घाबरलेला माणूस कशालाही मान हलवतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ म्हणा.

मग छातीवर जे जे सावली पाडेल ते काढा: साखळी, ताईत, हुक, धातूची बटणे, खिशातला मोबाइल. जाड वेणी खांद्यावरून पुढे आली की फुप्फुसाच्या शेंड्यावर अशी सावली पडते की डॉक्टर क्षयरोगाची शंका घेतात. वेणी वर बांधून घ्या. मंगळसूत्र काढायला कोणी तयार नसेल तर वाद घालू नका. ते वर घेऊन हनुवटीवर चढवले की फुप्फुसाच्या बाहेर जाते.

ट्यूब ते कॅसेट (चित्र टिपणारी पेटी) अंतर १८० सेंटिमीटर. रुग्ण कॅसेटकडे तोंड करून, हनुवटी वर, वजन दोन्ही पायांवर सारखे. कॅसेटची वरची कड खांद्यांच्या चार-पाच सेंटिमीटर वर. हाताचे पंजे उलटे कमरेवर आणि कोपर पुढे, इतके पुढे की खांदे कॅसेटला टेकतील. इथेच बहुतेकांचे बिनसते. खांदे टेकले नाहीत तर खांद्याची पाती फुप्फुसावरच राहतात. वयस्कर माणसाला कमरेवर हात ठेवणे जमत नसेल तर स्टँडला मिठी मारल्यासारखे हात पुढे घालायला सांगा, पाती तशीही बाजूला सरकतात. झोताचा मध्य सातव्या वक्ष-मणक्यावर, म्हणजे पात्यांच्या खालच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेवर. लाइट फील्ड छातीपुरतेच ठेवा. साइड मार्कर झोताच्या आत पण फुप्फुसाबाहेर लावा. नंतर संगणकावर ‘आर’ टाइप करण्याची सवय लागली की एखाद्या दिवशी उजवे-डावे बदलतेच. हृदय उजवीकडे असलेले रुग्णही असतात हे लक्षात ठेवा.

आता श्वास. ‘श्वास घ्या, धरा’ एवढे सांगून लगेच बटण दाबले तर माणूस अर्धवट श्वासावर थांबतो. ‘श्वास घ्या... सोडा... आता पुन्हा खोल घ्या आणि धरून ठेवा’ असे म्हणा. दुसरा श्वास नेहमी जास्त खोल जातो. बटण दाबण्याआधी हे एकदा करून घ्या आणि काचेतून खांदे बघा: श्वास धरताना ते कानाकडे चढले तर पुन्हा समजवा. बटणाचे दोन टप्पे असतात. पहिल्या दाबात ट्यूबमधला ॲनोड (किरण तयार होतात ती फिरती चकती) वेग घेतो आणि फिलामेंट (इलेक्ट्रॉन सोडणारी तार) तापते, दुसऱ्यात एक्स्पोजर. रुग्ण श्वास घेत असतानाच पहिला दाब द्या, म्हणजे श्वास पूर्ण होताक्षणी एक्स्पोजर करता येते. पण पहिल्या टप्प्यावर उगाच बोट दाबून उभे राहू नका, फिलामेंटचे आयुष्य कमी होते.

फिल्म आली की तीन गोष्टी पाहा. डायफ्रामच्या (छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या) वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात का? कमी असतील तर श्वास उथळ होता. मग हृदय रुंद दिसते, तळाच्या रक्तवाहिन्या दाटतात आणि न्युमोनियासारखे चित्र तयार होते. दुसरे, दोन्ही हांसड्यांची (गळ्याखालच्या आडव्या हाडांची) आतली टोके मणक्याच्या मधल्या उंचवट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का? नसतील तर रुग्ण फिरला होता. तिसरे, फुप्फुसांचे शेंडे आणि दोन्ही तळकोपरे फिल्ममध्ये आहेत का? काय चुकले ते नेमके सांगता येत नसेल तर रिपीट करू नका. कारण न शोधता काढलेली दुसरी फिल्मही तशीच येते आणि रुग्णाला मात्र दोनदा किरण मिळतात.

प्रश्न : टेबलावर ज्या केव्ही-एमएएसवर फिल्म छान येते, तीच सेटिंग स्टँडवर ठेवली की दाणेदार येते. डिजिटलमध्ये हे आपोआप सुधारत नाही का? (विद्यार्थी, सोलापूर)

केव्ही म्हणजे ट्यूबचा व्होल्टेज, त्यावर किरणांची भेदकता ठरते. एमएएस म्हणजे विद्युतप्रवाह (एमए) गुणिले वेळ, त्यावर किरणांचे प्रमाण ठरते. टेबलावर अंतर १०० सेंटिमीटर, स्टँडवर १८०. अंतर १.८ पट झाले की एमएएस १.८ गुणिले १.८, म्हणजे सव्वातीन पट लागतो. टेबलावर ३ एमएएस पुरत असेल तर स्टँडवर साधारण १० हवा. पण १०० एमएच्या मशीनवर १० एमएएस म्हणजे ०.१ सेकंद, तेवढ्यातही हृदयाची कड हलू शकते. मग केव्ही वाढवा. केव्ही १५ टक्क्यांनी वाढवले तर एमएएस निम्मा करता येतो: ७० केव्ही आणि १० एमएएसऐवजी ८० केव्ही आणि ५ एमएएस. काळ्या-पांढऱ्यातला फरक थोडा मऊ होईल, छातीला तो चालतो. हाताच्या पंजाला चालत नाही. तिथे ५०-५५ केव्हीच बरे.

डिजिटल सॉफ्टवेअर चित्र उजळ करते, पण जे किरण डिटेक्टरपर्यंत आलेच नाहीत ते आणू शकत नाही. म्हणून कमी एक्स्पोजर दाणेदार दिसते. जास्त एक्स्पोजर मात्र देखणे दिसते आणि म्हणूनच विभागात हळूहळू सगळ्यांचे एमएएस वर सरकत जातात. आम्हाला हा दोष दाण्यांपेक्षा गंभीर वाटतो, कारण तो फिल्मवर दिसतच नाही. तो धरायचा तर स्क्रीनवरचा एक्स्पोजर इंडेक्स (डिटेक्टरला किती किरण मिळाले याचा आकडा) वाचावा लागतो. काही कंपन्यांत मोठा आकडा म्हणजे जास्त किरण, काहींत बरोबर उलटे. आपल्या मशीनचे आधी विचारून घ्या. डेव्हिएशन इंडेक्स (अपेक्षित एक्स्पोजरपासूनचा फरक) असेल तर सोपे: शून्य म्हणजे बरोबर, अधिक ३ म्हणजे दुप्पट, उणे ३ म्हणजे निम्मे.

फिल्मच्या दोन्ही कडा फिक्या आणि मधला पट्टाच नीट आला असेल तर ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) उलटी बसली आहे का ते पाहा. सीआर (पुन्हा वापरता येणाऱ्या डिजिटल प्लेटच्या) कॅसेट रात्रभर पडून असतील तर सकाळी आधी इरेज करा. पहिल्या रुग्णाआधी ट्यूबही तुमच्या मशीनच्या सूचनेप्रमाणे दोन-तीन हलक्या एक्स्पोजरने गरम करून घ्या. इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचा जवळजवळ ९९ टक्के भाग उष्णतेत जातो, त्यामुळे थंड ॲनोडवर एकदम मोठा एक्स्पोजर मारला तर त्याला तडा जाऊ शकतो.

प्रश्न : लहान मूल रडते, हलते. आई धरायला घाबरते, मग सिस्टर किंवा आम्हालाच धरायला सांगतात. (विद्यार्थिनी, नांदेड)

विद्यार्थ्यांनी धरायचे नाही. कर्मचाऱ्यांसमोर एकच मूल नसते, रोज नवे मूल येते. तीच व्यक्ती दर वेळी धरू लागली तर वर्षाअखेर मात्रा साठते. नातेवाइकाने धरावे, लेड एप्रन घालून, हात झोताबाहेर ठेवून. ती व्यक्ती गरोदर किंवा १८ वर्षांखालील नसावी. त्याआधी वाळूच्या पिशव्या, पट्टे, थोडी प्रतीक्षा हे करून पाहा. दूध पिऊन झोपलेल्या बाळाचा एक्स-रे कोणीही न धरता निघतो.

प्रश्न : स्त्री रुग्णाला गरोदरपणाबद्दल कसे विचारायचे? सासूबाई बरोबर असतात, अविवाहित मुली रागावतात. (विद्यार्थी, जळगाव)

नातेवाइकांसमोर विचारूच नका. कपडे बदलायच्या खोलीपाशी, शक्यतो महिला कर्मचाऱ्याकडून, हळू आवाजात: ‘शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली होती? पोटाचा एक्स-रे आहे म्हणून सगळ्यांनाच विचारतो.’ ‘गरोदर आहात का?’ यापेक्षा तारीख विचारणे सोपे जाते आणि उत्तरही खरे मिळते. पोट, कंबर, ओटीपोट, खुबा आणि या भागांचे सीटी यांसाठी हा प्रश्न अटळ आहे. हात, पाय किंवा छाती असेल तर झोत नीट आवळलेला असताना गर्भापर्यंत जवळजवळ काही पोहोचत नाही. गरज असेल तर काम थांबवायचे कारण नाही.

पाळी लांबली असेल तर निर्णय तुमचा नाही, डॉक्टरांना कळवा. आणि एक्स-रे झाल्यावर गरोदरपण कळले तर रुग्णाला घाबरवू नका. पोटाच्या साध्या फिल्ममध्ये गर्भाला काही मिलिग्रे मिळतात. व्यंगाचा धोका १०० मिलिग्रेच्या खाली आढळलेला नाही. केव्ही, एमएएस आणि फिल्मची संख्या लिहून ठेवा, त्यावरून मात्रा काढता येते.

प्रश्न : एमआरआयमध्ये किरण नसतात, मग तिथे विद्यार्थ्यांना एकटे का जाऊ देत नाहीत? (विद्यार्थी, ठाणे)

कारण चुंबक कधीच बंद नसतो. स्कॅन नसतानाही, रात्रीही, वीज गेली तरीही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णाचा नातेवाईक ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआय रूममध्ये गेला, सिलिंडरसह खेचला गेला आणि दगावला. चुंबक बंद आहे असे कोणी म्हटले तरी विश्वास ठेवू नका. तुमच्या खिशातली कात्री, पिना, किल्ल्या, साधी व्हीलचेअर, लोखंडी गोळ्यांच्या पिशव्या हे सगळे दाराबाहेर. रुग्णाला पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (कानात बसवलेले श्रवणयंत्र) आहे का ते विचाराच, शिवाय लेथ किंवा वेल्डिंगवर काम केले आहे का हेही विचारा. डोळ्यात रुतलेला लोखंडाचा कण वर्षानुवर्षे गप्प बसतो आणि चुंबकात हलतो. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे.

प्रश्न : पदवी झाल्यावर सोनोग्राफी करता येईल का? (विद्यार्थिनी, सातारा)

नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा (१९९४) सोनोग्राफी फक्त कायद्यात ठरवलेली पात्रता असलेल्या डॉक्टरांना, नोंदणी झालेल्या केंद्रातच करू देतो. मालक म्हणाले ‘फक्त प्रोब धर’ तरी नकार द्या. गुन्हा तुमच्यावरही लागतो.